कै. ललिता पवार : रुपेरी पडद्यावरील सात दशके



मराठी बोलणाऱ्या कोणत्याही घरात, मग ते घर ठाण्याचे असो, भायखळ्याचे असो, की येथे मॉरिसव्हिलचे असो, एखादी सासू जरा कडक बोलली की सुना आपसांत हळूच म्हणतात की आमच्या घरी ललिता पवार आहे. आपण सर्वांनी ही थट्टा ऐकली आहे. कित्येकांनी केलीही असेल. एका अभिनेत्रीचे नाव असे घरगुती शब्दकोशात जाऊन बसावे, हा मान फार थोड्यांना लाभला. पण ज्या बाईच्या नावाने आपण ही थट्टा करतो, तिचे आयुष्य कसे गेले, तिच्या चेहऱ्याला तो करडेपणा कोठून आला, आणि त्या चेहऱ्यातून तिने प्रेमळ माणसेही किती उभी केली, याची माहिती आपल्या पुढच्या पिढीला जवळजवळ नाही. म्हणून या खेपेस कै. ललिताबाईंची जीवनकथा थोडक्यात सांगण्याचे योजले आहे.

ललिताबाईंचे माहेरचे नाव अंबा लक्ष्मणराव शगुण. त्यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे झाला. येवले म्हणजे पैठण्यांचे गाव. वडील लक्ष्मणराव हे रेशमी व सुती कापडाचे व्यापारी; घर खाऊनपिऊन सुखी, पण जुन्या वळणाचे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलीला शाळेत घातले नाही, असे सांगतात. पुस्तकी शिक्षण मिळाले नाही, तरी पुढे या मुलीने मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांतील बोलपट गाजविले. मी आयुष्यभर शिक्षिकेचा पेशा केला. शाळेबाहेर राहिलेल्या या मुलीने केवळ कानांनी आणि डोळ्यांनी केवढे शिकून घेतले, हे पाहून मला फार कौतुक वाटते.

त्या वेळी चित्रपटांचा धंदा पुण्यातही जोरात होता. नानासाहेब सरपोतदार यांची आर्यन फिल्म कंपनी तेथे मूकपट काढीत असे. या कंपनीच्या १९२८ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात अंबेने प्रथम काम केले. पगार दरमहा अठरा रुपये होता, असे सांगितले जाते. या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी पंधरा वर्षे मागे जावे लागेल. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी आपला पहिला 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीचे काम करावयास एकही स्त्री मिळेना. शेवटी साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडे नेसवून तारामती करावी लागली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या आणि दार थोडेसे उघडले. तरीही घरंदाज घराण्यांचा विरोध पुष्कळ दिवस चालू राहिला.

ही अडचण ज्यांनी दूर केली, त्यांत यहुदी स्त्रियांचा वाटा मोठा आहे. आपल्या बेने इस्राएल समाजातील सुसान सॉलोमन या फिरोजा बेगम या नावाने पडद्यावर आल्या. बगदादी यहुदी घराण्यातील रूबी मायर्स, जन्म पुणे, १९०७, या आधी टेलिफोन खात्यात काम करीत होत्या. त्या सुलोचना या नावाने मूकपटाच्या काळातील सर्वांत लोकप्रिय नायिका झाल्या. येवल्याची अंबा ज्या वाटेने चालू लागली, ती वाट अशा अनेक स्त्रियांनी पायांखाली तुडवून सपाट केली होती.

अंबू या नावाने सुरुवात करून पुढे त्या ललिता झाल्या. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी विवाह झाल्यावर ललिता पवार हे नाव रूढ झाले. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत त्या नायिका होत्या, आणि नुसत्या नायिका नव्हत्या. १९३२ सालच्या 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा स्वतःचा भाग होता. तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा! बोलपट आल्यावर पुष्कळ नटनट्यांची पंचाईत झाली. ज्यांना भाषा नीट येत नव्हती किंवा गाता येत नव्हते, त्यांचे काम सुटले. ललिताबाईंना दोन्ही येत होते. १९३५ सालचा 'हिम्मत-ए-मर्दां' हा त्यांचा सुरुवातीचा बोलपट. १९३८ साली त्यांनी 'दुनिया क्या है' हा बोलपट स्वतः निर्माण केला. त्याची कथा टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' या कादंबरीवरून घेतली होती. येवल्याच्या बाजारपेठेत वाढलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली बावीस वर्षांची तरुणी रशियन कादंबरीवर पैसा लावते, ही गोष्ट लहान नव्हे.

मराठीतही त्यांचे नाव होऊ लागले होते. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर' (१९३९) मध्ये त्या होत्या. वि. स. खांडेकर यांच्या कथेवरून मास्टर विनायक यांनी काढलेल्या 'अमृत' (१९४१) मध्येही त्यांची भूमिका होती. वय पंचवीस, रूप देखणे, गळा चांगला, व्यवहाराची जाण. पुढची दहा-पंधरा वर्षे नायिकेच्या भूमिका मिळतील असे कोणीही म्हटले असते.

आणि मग १९४२ साल उजाडले. 'जंग-ए-आझादी' या बोलपटाचे चित्रण चालले होते. प्रसंग थपडेचा होता. समोर होते मास्टर भगवान. तेच भगवानदादा, ज्यांचा 'अलबेला' पुढे १९५१ साली घरोघर गाजला. त्या काळी ते नवे होते. थप्पड दिसावयास खरी हवी, लागावयास नको, हा अंदाज त्यांचा चुकला. हात फार जोरात बसला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याजवळची शीर फुटली आणि चेहऱ्याची ती बाजू लुळी पडली. सुमारे तीन वर्षे औषधोपचार चालले. चेहरा पुष्कळसा सुधारला, परंतु डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

वाचकांनी क्षणभर विचार करावा. ज्या धंद्यात चेहरा हेच भांडवल, त्या धंद्यात सव्विसाव्या वर्षी हे भांडवल एका क्षणात बुडाले. आजच्यासारखा विमा नव्हता, भरपाई नव्हती, नटनट्यांची बाजू घेणारे कोणी नव्हते. नायिकेची कामे बंद झाली. पहिला संसारही पुढे टिकला नाही. कालांतराने त्यांनी अंबिका स्टुडिओचे निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी विवाह केला. अशा अवस्थेत पुष्कळ जणींनी घरचा रस्ता धरला असता. ललिताबाईंनी निराळे केले. नायिका होता येत नाही तर चरित्रभूमिका करू, असे ठरवून त्या कामाला लागल्या. तो बारीक झालेला डोळा त्यांनी लपविला नाही. त्याचाच उपयोग केला. भुवई किंचित वर, तो डोळा जरा मिटलेला, मान एका बाजूला, आणि मग संथपणे फेकलेला शब्द! प्रेक्षकांच्या अंगावर काटा उभा राही.

या दुसऱ्या कारकिर्दीची पहिली मोठी भूमिका मराठीनेच दिली. प्रभात फिल्म कंपनीने १९४४ साली 'रामशास्त्री' काढला. गजानन जागीरदार रामशास्त्री प्रभुणे झाले आणि ललिता पवार आनंदीबाई. पेशवाईचा इतिहास आपण सर्व शाळेत शिकलो आहोत. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि धरावे या शब्दातील ध चा मा आनंदीबाईने केला अशी आख्यायिका आहे. इतिहासकार काहीही म्हणोत, ध चा मा करणे हा वाक्प्रचार मराठीत कायमचा झाला. मी इतिहास शिकवीत असताना या प्रकरणाशी आले, की वर्गातील चित्रपट पाहिलेल्या मुलांना आनंदीबाईचे वर्णन करून सांगावे लागत नसे. त्यांच्या डोळ्यांपुढे ललिताबाईच उभ्या राहत.

त्यानंतर व्ही. शांताराम यांचा 'दहेज' (१९५०). हुंड्यापायी सुनेचा छळ करणारी सासू ललिताबाईंनी अशी वठविली की सासू म्हटले की ललिता पवार हे समीकरण पक्के झाले. मुलीचा बाप झालेले पृथ्वीराज कपूर अखेर सर्व सामान घेऊन येतात, पण तोवर वेळ निघून गेलेली असते. हुंडाबंदीचा कायदा भारतात १९६१ साली झाला. हा चित्रपट त्याच्या अकरा वर्षे आधीचा. ललिताबाईंवर प्रेक्षक चिडले, आणि तसे चिडणेच आवश्यक होते. सासूचे काम कोणी मिळमिळीत केले असते, तर हुंड्याबद्दलची चीड कोणाच्या मनात उतरली नसती. खलभूमिका करणाऱ्या नटाला लोकांचे शिव्याशाप अंगावर घ्यावे लागतात. त्याची ती बक्षिसी असते. शांतारामबापूंच्याच 'अमर भूपाळी' (१९५१) मध्येही त्या होत्या. 'दाग' (१९५२) मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या, आणि मुलाच्या दारूच्या व्यसनाने पोळलेली आई त्यांनी साकारली.

१९५५ साली त्यांचे दोन चित्रपट आले, आणि या दोन्हींत फरक केवढा! गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये त्या सीतादेवी झाल्या. सीतादेवी म्हणजे स्त्रियांच्या हक्कांसाठी भांडणारी, पुरुषांचा तिरस्कार करणारी, मधुबालेची श्रीमंत आत्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला आणि घटस्फोटाची सोय झाली. चित्रपटाने त्या चळवळीची टिंगल केली आहे. मला स्वतःला ही टिंगल पटत नाही. लहानपणापासून स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली, सोळाव्या वर्षी निर्माती झालेली बाई, स्वतंत्र स्त्रियांची चेष्टा करण्याच्या कामी लावली गेली, हे मनाला लागते. पण काम मात्र त्यांनी चोख केले. सीतादेवी नुसती हास्यास्पद वाटत नाही. तिच्यात एक रुबाब आहे, आणि तो रुबाब ललिताबाईंचा आहे.

दुसरा चित्रपट राज कपूरचा 'श्री ४२०'. मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई त्यात ललिताबाई झाल्या. वरून फटकळ, आतून लोण्यासारखी. नवख्या परगावच्या मुलाशी घासाघीस करता करता तिच्यातील आई जागी होते. याच चित्रपटात मायेचे काम नादिराने केले आहे. नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स इझिकिएल, आपल्याच बगदादी भावंडांपैकी. एकीकडे मायाच्या झगमगाटाचा मोह, दुसरीकडे गंगामाईची केळ्यांची पाटी. राज कपूरच्या नायकाची ओढाताण या दोघींमध्ये, आणि विद्येचे काम करणाऱ्या नर्गिसमध्ये, वाटली गेली आहे. ज्यांनी मुंबई सोडली, त्यांनी हा चित्रपट पुन्हा अवश्य पाहावा. गंगामाईसारखी बाई आपल्या प्रत्येक नाक्यावर होती.

१९५९ हे वर्ष ललिताबाईंच्या कारकिर्दीचे शिखर म्हणावे लागेल. बिमल रॉय यांच्या 'सुजाता' मध्ये त्या सोवळ्याओवळ्याचे वेड असलेल्या, अस्पृश्य मुलीचा विटाळ मानणाऱ्या वृद्ध नातेवाईक झाल्या. आणि त्याच वर्षी हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी' मध्ये त्या झाल्या मिसेस डिसा. ही ख्रिस्ती घरमालकीण भाड्यासाठी भांडते, ओरडते, आणि गुपचूप भाडेकऱ्याचे पोटही भरते. शेवटी एका श्रीमंत कारखानदाराच्या कंपनीचे दूषित औषध घेऊन तिचा अंत होतो, आणि खुनाचा आळ तिने ज्याला मुलासारखे मानले त्याच्यावर येतो. एकाच वर्षी एक बाई जातीसाठी माणुसकी नाकारते, आणि दुसरी जात न पाहता माणुसकी जपते; दोन्ही कामे एकाच अभिनेत्रीची! 'अनाडी'साठी त्यांना उत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला.

मिसेस डिसाबद्दल आणखी एक शब्द. आपल्यापैकी जे माझगाव, भायखळा, उमरखाडी, नागपाडा या भागांत वाढले, त्यांना अशी शेजारीण ठाऊक आहे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, यहुदी अशी सर्व बिऱ्हाडे एका जिन्यावर असत. हिंदी चित्रपटांनी या शेजाऱ्यांची बहुधा थट्टाच केली. अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती पात्रे म्हणजे दारूची बाटली आणि मोडके हिंदी, असा ठरलेला साचा असे. मिसेस डिसा त्या साच्याबाहेरची आहे. आपल्या समाजाचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांनी 'बूट पॉलिश' (१९५४) मधील जॉन चाचा असाच साचा मोडून उभा केला होता, आणि त्यांनाही सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले होते. ठाण्याच्या एका यहुद्याने आणि येवल्याच्या एका हिंदू बाईने मुंबईच्या ख्रिस्ती माणसाला पडद्यावर प्रतिष्ठा मिळवून दिली, ही त्या मुंबईची खूण आहे.

पुढील वर्षांत कामांचा पाऊस पडला. 'जंगली' (१९६१) मध्ये घरात हसण्यास मनाई करणारी आई, 'हम दोनों' (१९६१) मध्ये युद्धावरून मुलगा परत येण्याची वाट पाहणारी आई. 'प्रोफेसर' (१९६२) मध्ये तर त्यांनी बहारच केली. भाच्यांवर कडक नजर ठेवणारी प्रौढ बाई वेषांतर केलेल्या म्हाताऱ्या प्रोफेसरच्या, म्हणजे शम्मी कपूरच्या, प्रेमात पडते. प्रेक्षक हसतात; पण आरशासमोर उभी राहणारी ती एकटी बाई पाहून हसू मध्येच थांबते. उतारवयातील स्त्रीलाही मन असते, हे त्या काळच्या हिंदी चित्रपटात क्वचितच कोणी दाखविले असेल.

१९७१ साली 'आनंद' आला. हृषीदांनी या वेळी ललिताबाईंना डॉ. कुलकर्णींच्या रुग्णालयातील मेट्रन केले, आणि नाव ठेवले पुन्हा डिसा. बारा वर्षांपूर्वीच्या मिसेस डिसाची जणू ही धाकटी बहीण. शिस्तीची कडक मेट्रन मरणाच्या दारातील आनंदला मुलगा मानते. भूमिका लहान, पण ज्यांनी चित्रपट पाहिला ते तिला विसरले नाहीत.

या ठिकाणी पुण्याहून निघालेल्या दोन अभिनेत्रींची तुलना मनात येते. रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना १९२८ आणि १९३५ या दोन्ही 'अनारकली' चित्रपटांत स्वतः अनारकली होत्या. १९५३ च्या 'अनारकली'त त्या सलीमच्या आई झाल्या. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, पण उतारवयात त्यांच्या वाट्याला कामे आली ती लहान लहान. त्यांचे वैभव पूर्वार्धात होते, ललिताबाईंचे उत्तरार्धात. एकीला बोलपटाने मागे सारले, दुसरीला एका थपडेने. दोघींनीही अखेरपर्यंत कॅमेऱ्यापुढे उभे राहणे सोडले नाही.

ललिताबाईंचा चेहरा सर्वांत अधिक लोकांनी पाहिला तो मात्र चित्रपटगृहात नव्हे, घरात. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी लागत असे. रस्ते ओस पडत. त्यात मंथरेच्या भूमिकेत ललिताबाई होत्या. वय सत्तरीच्या पुढे. कैकेयीच्या कानाशी लागताना तोच डावा डोळा किंचित मिटे, आणि १९४२ सालच्या त्या अपघाताची खूण पंचेचाळीस वर्षांनंतर साऱ्या देशाला दिसे. फार थोड्यांना ठाऊक होते की ती खूण रंगभूषेची नव्हे.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यातील औंध येथे ललिताबाईंचे निधन झाले. वयाची एक्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. ज्या पुण्यात मूकपटातून प्रारंभ झाला, त्याच पुण्यात अखेर झाली. त्यांनी सुमारे सातशे चित्रपटांत काम केले असे सांगितले जाते. मूकपट, बोलपट, कृष्णधवल, रंगीत, दूरदर्शन अशी पाचही स्थित्यंतरे त्यांनी पाहिली आणि पाचही ठिकाणी त्यांना काम मिळाले. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले, पण त्यांतील अगदी मूठभर आज शिल्लक आहेत. त्यामुळे तरुण, देखणी, गाणारी ललिता आपणास बहुधा पाहावयास मिळत नाही. आपल्यापुढे राहिली ती थपडेनंतरची ललिता. न्याय करताना एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

वाचकहो, आपण परदेशी आलो तेव्हा आपल्याबरोबर आपल्या आया आणि सासवाही आल्या. येथील थंडीत, परक्या भाषेत, नातवंडांची वाट पाहत बसलेल्या या बायका कधी कडक बोलतात. त्यांच्या चेहऱ्यावरची आठी कोणत्या आघाताने पडली, हे सुनांनी आणि नातवंडांनी विचारलेले नसते; त्यांनीही सांगितलेले नसते. ललिताबाईंच्या नावाने थट्टा करण्यास हरकत नाही. त्यांनाही ती ठाऊक असणारच. पण थट्टेतून खलनायिका तेवढी राहते आणि मिसेस डिसा निसटून जाते, ते बरोबर नाही.

माझी एक सूचना आहे. पुढील सुट्टीत नातवंडांना जवळ घेऊन 'अनाडी' लावा. मराठी येत नसेल तर मध्ये मध्ये थांबवून अर्थ सांगा. चित्रपट संपल्यावर मग त्यांना 'रामायणा'तील मंथरा दाखवा, आणि विचारा, ही बाई ओळखीची वाटते का? मुले प्रथम नाही म्हणतील. मग डोळ्याकडे पाहण्यास सांगा. आणि त्या डोळ्याची हकीकत तेव्हा सांगा.